प्लास्टर निघाले, पण मनगट वळत नाही: हाताने सांधा मोकळा करण्याच्या उपचाराविषयी

वाचकाचे पत्र

मी 58 वर्षांची असून नौपाड्यात राहते. जुलैच्या अखेरीस जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन परतताना ओल्या फरशीवर पाय घसरला आणि मी उजव्या हातावर पडले. मनगटाचे हाड मोडले. शस्त्रक्रियेची गरज पडली नाही, पण सहा आठवडे प्लास्टर होते. ते निघून आता महिना झाला. एक्स-रे पाहून हाड जुळल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि फिजिओथेरपीला पाठवले. तिथल्या ताई माझे मनगट जोराने वाकवत नाहीत. एका हाताने मनगटाच्या वर घट्ट धरतात आणि दुसऱ्या हाताने पंजा किंचित ओढून वर-खाली सरकवत राहतात. पाहणाऱ्याला वाटावे की काहीच चाललेले नाही. अजून पोळी लाटता येत नाही, तीर्थ घ्यायला तळहात वर होत नाही आणि मूठही पूर्ण मिटत नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात की हाडवैद्याकडे जाऊन एकदाच झटका देऊन घ्या. मुलाने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आहेत आणि ते सरकवणे मीच घरी करून देतो, असे तो म्हणतो. मी काय करावे? हात पूर्वीसारखा होईल का?

एक वाचक, ठाणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला निर्णय घ्यायचा आहे, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणे नंतर सांगते. तुमच्या फिजिओथेरपिस्ट जे करत आहेत ते योग्य आहे आणि ते चालू ठेवावे. हाडवैद्याकडे जाऊ नये. मुलाने ते सरकवणे घरी करू नये. मात्र त्याला करण्याजोगे दुसरे काम आहे, ते पुढे सांगते. आणि केवळ त्या उपचारावर विसंबून राहिलात तर हात अर्धाच सुटेल, हेही आताच सांगून ठेवते, कारण पत्रात तुम्ही घरच्या व्यायामाचा उल्लेखच केलेला नाही.

मनगट हा एकच सांधा असल्यासारखे आपण बोलतो, पण तिथे बऱ्याच हाडांची वस्ती आहे. कोपरापासून आलेली दोन हाडे, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना, त्यांच्यापुढे दोन रांगांत बसलेली आठ लहान हाडे आणि त्यांच्यापुढे तळहाताची पाच हाडे. तुमचे जे मोडले ते बहुधा रेडियसचे मनगटाजवळचे टोक असावे, कारण पसरलेल्या हातावर पडल्यावर या वयात सर्वात जास्त तेच मोडते. हाड जुळण्यासाठी प्लास्टर आवश्यकच होते. पण त्या सहा आठवड्यांत सांध्याभोवतीचे आवरण, ज्याला कॅप्सूल म्हणतात, आणि हाडांना एकमेकांशी बांधणारे अस्थिबंध हे सगळे आखडते, आणि सुजेतला द्रव जिथे साठून राहतो तिथे थर एकमेकांना चिकटू लागतात. हाड बरे झाले तरी त्याच्या भोवतालचे हे आवरण आपोआप सैल होत नाही.

आता मनगट जोराने का वाकवायचे नाही, ते पाहू. सांधा वाकतो तेव्हा दोन हालचाली एकदम होतात. एक हाड दुसऱ्यावर कलते, आणि त्याच वेळी ते थोडेसे सरकते. कलणे आपल्याला दिसते, सरकणे दिसत नाही, कारण ते जेमतेम काही मिलिमीटरचे असते आणि ते वेगळे करून दाखवणे कोणत्याही स्नायूच्या ताब्यात नसते. आवरण आखडले की आधी जाते ते हे सरकणे. मग पंजा धरून कितीही मागे रेटला तरी हाडे सांध्याच्या एका कडेवर दाबली जातात, तिथे कळ येते, सूज वाढते, आणि दुसऱ्या दिवशी मनगट आदल्या दिवसापेक्षा अधिक ताठ होते. हरवलेले सरकणे आधी परत आणायचे आणि वाकणे त्याच्या मागून येऊ द्यायचे, हा या उपचाराचा पाया आहे. त्याला जॉइंट मोबिलायझेशन म्हणतात.

सरकवण्याची दिशाही मनाला येईल तशी नसते. रेडियसचे टोक उथळ खोलगट आहे आणि त्यात बसणारी लहान हाडांची पहिली रांग बाहेरून गोल आहे. खलात बत्ता ठेवून त्याचे वरचे टोक आपल्याकडे झुकवले, तर खालचे गोल टोक खलाच्या तळाशी पलीकडे सरकते, तसेच इथे घडते. पंजा मागे, म्हणजे हाताच्या पाठीकडे जाताना ही रांग तळहाताच्या दिशेने सरकावी लागते, आणि पंजा तळहाताकडे वाकताना ती हाताच्या पाठीकडे सरकावी लागते. नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबॉर्न यांनी या नियमाभोवती उपचाराची एक पद्धतच उभी केली. प्रत्यक्षात ती आठ हाडे आपसांतही हलत असल्यामुळे हा नियम मनगटावर तंतोतंत लागू पडत नाही, म्हणून अनुभवी फिजिओथेरपिस्ट दोन्ही दिशांना सरकवून पाहतात आणि जिथे अडते तिथे काम करतात. तुमच्या ताई वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना का सरकवतात, याचे उत्तर इथे आहे.

पुढच्या वेळी त्यांचे हात नीट पाहा. टेबलाच्या कडेवर टॉवेलची गुंडाळी असेल, तिच्यावर तुमचा हात तळहात खाली करून ठेवलेला असेल आणि पंजा कडेच्या बाहेर असेल. मनगटाच्या दोन्ही बाजूंना हाडांचे जे टेंगूळ हाताला लागते, त्याच्या लगेच वर त्यांचा एक हात असतो आणि तो अजिबात हलत नाही. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला भाग त्या टेंगळांच्या लगेच पुढे टेकलेला असतो. आधी त्या पंजा अगदी हलका ओढतात, जेणेकरून सांध्यातले पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जाणार नाहीत, आणि मग तो ताण तसाच ठेवून सरळ जमिनीच्या दिशेने सरकवतात. पंजा वाकत नाही, तो समांतर उतरतो. दोन्ही हात सांध्याच्या इतके जवळ असतात म्हणूनच बाहेरून काही घडताना दिसत नाही. पकड जितकी लांब, तितके सरकणे कमी आणि रेटणे जास्त होते. पोळी लाटताना आणि जमिनीवर हात टेकून उठताना लागते ती मागे वळण्याची हालचाल याच सरकवण्यातून सुटते.

जोर किती लावायचा, याच्या पायऱ्या ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी ठरवून दिल्या आणि आजही त्याच वापरल्या जातात. पहिली पायरी म्हणजे हालचालीच्या सुरुवातीलाच अगदी लहान हेलकावे. दुसरीत हेलकावे मोठे असतात, पण ते अडकण्याच्या जागेपर्यंत पोहोचत नाहीत. या दोन्ही वेदना कमी करण्यासाठी असतात. तिसरीत मोठा हेलकावा अडकण्याच्या जागेपर्यंत नेला जातो, आणि चौथीत त्या जागेवरच लहान हेलकावे दिले जातात. आखडलेले आवरण ताणले जाते ते या दोन पायऱ्यांवर. हेलकावे साधारण सेकंदाला दोन-तीन या लयीत मिनिट-दोन मिनिटे चालतात, किंवा त्याऐवजी सरकवून काही सेकंद तसेच धरून ठेवले जाते आणि मग थोडे सैल सोडून पुन्हा धरले जाते. सांधा दुखरा आणि सुजलेला असताना पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबणे, यालाच मी चांगल्या हाताची खूण मानते. तुमच्या बाबतीत महिना झाला आहे, तेव्हा सकाळी सूज नसेल आणि दुखणे फक्त शेवटच्या टोकाला असेल, तर आता तिसऱ्या-चौथ्या पायरीवर जाता येईल का, हे तुम्ही त्यांना मोकळेपणाने विचारावे. विचारण्यात काही गैर नाही.

यापलीकडे एक झटक्याची पायरीही आहे, आणि वहिनी सांगतात तो प्रकार दिसायला तिच्यासारखाच असतो. ती प्रशिक्षित हातांनीसुद्धा नुकत्याच जुळलेल्या हाडाजवळ दिली जात नाही. साध्या घसरण्याने मोडलेले हाड मुळातच अशक्त असण्याची शक्यता असते, आणि जोराच्या झटक्याने ते पुन्हा मोडू शकते किंवा लहान हाडांमधले अस्थिबंध फाटू शकतात. ते फाटल्यास मनगट कायमचे दुखरे आणि ढिले होते. हाडवैद्यांविषयी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे आणि वहिनींनी तो आपुलकीनेच सुचवला, हे मी समजते. पण एक्स-रे न पाहता, अस्थिभंगाची जागा न जाणता दिलेला झटका तुमच्या हाताला परवडणारा नाही. तेलाचा हात हलकाच फिरवायला हरकत नाही. त्याने कोरडी झालेली त्वचा मऊ होते आणि बरे वाटते. मनगटाभोवती रगडून चोळणे मात्र टाळावे.

तळहात वर होत नाही, ही तक्रार वेगळ्या सांध्याची आहे. पंजा उताणा आणि पालथा करण्याची हालचाल मनगटाच्या त्या आठ हाडांत होत नाही. रेडियस अल्नाभोवती फिरते आणि त्या दोघांचा मनगटाजवळ एक स्वतंत्र सांधा आहे. रेडियसचे टोक मोडले की तोही आखडतो, आणि मनगट पुढे-मागे बऱ्यापैकी सुटल्यावरही तळहात वर करणे मागे राहिल्याचे पुष्कळदा दिसते. त्यासाठी अल्ना एका हाताने स्थिर धरून रेडियसचे टोक हाताच्या पाठीच्या दिशेने सरकवावे लागते. तुमच्या पत्रात फक्त पंजा वर-खाली सरकवण्याचे वर्णन आहे, तेव्हा या दुसऱ्या सांध्यावर काम होते का, हे जरूर विचारा. तीर्थ घेता येत नाही, दुकानदाराकडून सुटे पैसे हातात घेता येत नाहीत, ताट खालून धरता येत नाही, अशा नेमक्या शब्दांत सांगितलेत तर त्यांना लगेच उमगेल. नुसते ‘हात वळत नाही’ म्हटले तर त्याचे पाच अर्थ होतात.

मूठ मिटत नाही, त्याचे मूळ बोटांच्या बुडाशी आहे. तिथल्या सांध्यांच्या दोन्ही कडांचे अस्थिबंध बोट सरळ असताना सैल असतात आणि बोट वाकले की ताणले जातात. प्लास्टरमध्ये असताना बोटे सुजून सरळच राहिली तर ते सैल अवस्थेतच आखूड होतात आणि मग मूठ मिटताना अडवतात. इथे दिशेचा नियम उलटा होतो, कारण तळहाताच्या हाडाचे डोके गोल आहे आणि त्यावर बसणारे बोटाचे हाड खोलगट. म्हणून मूठ मिटवण्यासाठी बोट हलके ओढून त्याचे बूड तळहाताकडेच सरकवायचे असते. प्रत्येक बोटाचा सांधा वेगळा धरावा लागतो, त्यामुळे यात वेळ जातो. पण मनगटापेक्षा बोटांकडे आधी लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे, कारण थोडे कमी वळणाऱ्या मनगटाने घर चालते, न मिटणाऱ्या मुठीने चालत नाही.

न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांची एक पद्धत तुमच्यासाठी विचारण्याजोगी आहे. त्यात फिजिओथेरपिस्ट लहान हाडांची रांग बाजूला सरकवून धरून ठेवतात आणि त्याच वेळी रुग्ण स्वतः मनगट वाकवतो. अट एकच, की ती हालचाल वेदनेशिवाय झाली पाहिजे. दुखले तर दिशा किंवा दाब बदलायचा, सहन करत राहायचे नाही.

आता पुराव्याविषयी. मनगटाच्या अस्थिभंगानंतर घरच्या व्यायामाला अशा मोबिलायझेशनची जोड दिल्याने अंतिम परिणाम फार वेगळा होतो, असे तुलनात्मक अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. असे असूनही मी ते सुचवते, कारण चांगल्या हाताखाली दुखणे उतरते आणि त्यानंतरचे काही तास सांधा अधिक मोकळा असतो. त्या तासांत तुम्ही तो वापरला तर मिळालेले अंश टिकतात. उपचार घेऊन घरी परतल्यावर हात पदराआड धरून बसलात, तर दुसऱ्या दिवशी ताईंना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून घरी हे करा. कोमट पाण्यात हात दहा मिनिटे बुडवा आणि पाण्यातच मूठ मिटण्या-उघडण्यास सुरुवात करा. हात सुजलेला असेल तर गरम शेक घेऊ नका. बोटे आधी आकड्यासारखी वाकवा, मग पूर्ण मूठ मिटा, मग बोटे ताठ पसरा, आणि अंगठ्याने क्रमाने चारही बोटांच्या टोकांना स्पर्श करा. छातीसमोर नमस्कारासाठी तळहात जोडा आणि ते सुटू न देता हात सावकाश कंबरेकडे उतरवा. मनगटात ताण जाणवला की तिथेच थांबून काही श्वास घ्या. तळहात वर करण्यासाठी कोपर अंगाला चिकटवून काटकोनात ठेवा, लाटणे एका टोकाशी उभे धरा आणि त्याच्याच वजनाने हात हळूहळू बाहेरच्या बाजूला कलू द्या. कोपर अंगापासून सुटले तर हालचाल खांद्यातून होते आणि मनगटाला काहीच मिळत नाही, आणि इथेच मुलाची मदत घ्या. त्याने समोर बसून कोपर सुटते का ते पाहावे, आठवड्यातून एकदा हाताचा त्याच कोनातून फोटो काढावा आणि व्यायामाची आठवण करावी. दिवसातून एकदाच अर्धा तास घाम गाळण्यापेक्षा पाच-सहा वेळा काही मिनिटे केलेले अधिक लागू पडते.

व्यायामानंतरची कळ अर्ध्या-पाऊण तासात शमली तर जोर बरोबर होता. रात्रभर ठणकले किंवा सकाळी बोटांतली अंगठी घट्ट वाटली तर जास्त झाले, दुसऱ्या दिवशी निम्मे करा. कणीक मळणे आताच सुरू करा, पण मऊ कणीक थोडी थोडी मळा. भरलेली पिशवी, पाण्याची बादली आणि टीएमटीच्या बसमध्ये वरची दांडी धरून उभे राहणे, यांसाठी तूर्त डावा हात वापरा.

हात पूर्वीसारखा होईल का? निरोगी मनगट पुढे साधारण 80 अंश आणि मागे 70 अंश वाकते. घरातली बहुतेक कामे दोन्हीकडे चाळीसेक अंश असले तरी होतात, आणि तिथपर्यंत पोहोचण्याची आशा तुम्ही निश्चित बाळगावी. बरीचशी सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते आणि उरलेली वर्षभर हळूहळू होत राहते. शेवटचे काही अंश पुष्कळांचे राहून जातात, पण त्यामुळे काम अडत नाही. फिजिओथेरपिस्टना कोनमापकाने अंश मोजून तारखेसह लिहून द्यायला सांगा, म्हणजे आज बरे, काल वाईट अशा वाटण्यावर भिस्त राहणार नाही. तीन-चार आठवडे आकडा जागचा हलला नाही आणि हालचालीच्या टोकाला चामड्यासारखा ताण न लागता दगडासारखे एकदम अडत असेल, तर नवा एक्स-रे काढून ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. रेडियस किंचित मागे झुकून जुळले असेल तर अडथळा हाडाचा असतो, आणि तो कोणत्याही हाताने सरकत नाही.

काही लक्षणे दिसली तर मात्र मोबिलायझेशन थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायला हवे. हातात जळजळ, दुखापतीच्या मानाने फारच तीव्र वेदना, चकाकणारी ताणलेली त्वचा आणि पंजाचा बदलणारा रंग किंवा तापमान ही एकत्र दिसली तर उशीर करू नये. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना रात्री मुंग्या येऊन बधिरपणा वाटत असेल तर नस दाबली जात असू शकते. आणि अंगठा एके दिवशी अचानक वर उचलेनासा झाला, तर त्याचा स्नायुबंध झिजून तुटलेला असू शकतो. हाड फारसे न सरकलेल्या अस्थिभंगानंतरही काही आठवड्यांनी असे घडते आणि त्यात दुखतेच असे नाही, म्हणून ते दुर्लक्षिले जाते. संधिवाताने सांधे सुजलेले असतील तर तेही आधी सांगावे.

उपचार कोणाकडून घ्यायचा याबाबत शंका असेल, तर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडील नोंदणी आहे का, हे नि:संकोच विचारा. नोंदणी असलेल्या व्यक्तीला या प्रश्नाचा राग येत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगणे भाग आहे. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणे, हा रजोनिवृत्तीनंतरच्या वयात हाडे विरळ होत असल्याचा पहिला इशारा असू शकतो, आणि पुढचे मोडणारे हाड खुब्याचे किंवा मणक्याचे असते तेव्हा परिस्थिती फार वेगळी असते. डेक्सा ही हाडांची घनता मोजणारी तपासणी आणि रक्तातील ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यासाठी हात पूर्ण सुटण्याची वाट पाहू नका. ठरलेल्या पुढच्या भेटीतच तो विषय काढा.